पहिलंच प्रोजेक्ट कोबोलचं मिळालं. रडू की राहू?

संत्रानगरी_२३

नमस्कार. जुलैपासून नागपुरात मिहानमधल्या एका कंपनीत आहे. घर मानेवाड्याला, कॉलेजही इथलंच. तीन महिने जावा शिकवलं, आम्ही पोरांनी मिळून एक छोटं ॲपही केलं, आणि दिवाळी झाल्यावर मला उचलून मेनफ्रेमच्या, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या अवाढव्य संगणकांच्या, टीममध्ये टाकलं. परदेशातल्या एका विमा कंपनीचं काम आहे. काळा स्क्रीन, हिरवी अक्षरं, माउसला काही काम नाही. टीम लीडने कोबोल या जुन्या प्रोग्रामिंग भाषेतला १४ हजार ओळींचा एक प्रोग्राम उघडून दिला आणि म्हणाले, आठवडाभर फक्त वाच. वर तारीख १९८८ ची. माझा जन्म २००१ चा.

पुण्याला गेलेल्या मैत्रिणी एआय, क्लाउड असं काय काय करून राहिल्या. ग्रुपवर मी अजून सांगितलंच नाही. बाबा मात्र कॉलनीभर सांगतात की पोरगी विम्याचं सॉफ्टवेअर सांभाळते.

दुसरी अडचण. ९ डिसेंबरला ग्रेस हॉपर या सुरुवातीच्या काळातल्या अमेरिकन प्रोग्रामरबाईचा जन्मदिवस असतो म्हणे, तर एचआरने मला तिच्यावर पाच मिनिटं बोलायला सांगितलंय, कारण टीममध्ये मुलगी मी एकटीच. नेटवर बघितलं तर जिथे तिथे तीच पतंगाची, म्हणजे दिव्याभोवती फिरणाऱ्या किड्याची, गोष्ट. कॉम्प्युटरमध्ये पतंग अडकला, तिने काढला, म्हणून प्रोग्राममधल्या चुकीला बग, म्हणजे किडा, म्हणतात. एवढंच केलं का बाईंनी? आणि ही भाषा शिकण्यात दोन वर्षं घालवू की आत्ताच दुसरीकडे बघू?

तर्रीपोहे

काऊन रडते बाप्पा! एप्रिल २०२० मध्ये न्यू जर्सीच्या गव्हर्नरने भर पत्रकार परिषदेत सांगितलं होतं की कोबोल येणारे लोक पाहिजेत, मदतीला या. लॉकडाऊनमध्ये बेरोजगारी भत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला आणि त्यांच्या सिस्टीम चाळीस वर्षं जुन्या. तू तर आयती शिकून राहिली, वरून पगार घेऊन. जावावाले गल्लीत दहा आहेत.

भाषणाचं मले नाही माहीत. पोहे खाऊन जा, एवढं सांगू शकतो.

फुटाळा_किनारी

पतंगाची गोष्ट सांगणार असशील तर नीट सांग, कारण लोक ती नेहमी अर्धीच सांगतात.

तारीख ९ सप्टेंबर १९४७. मशीन हार्वर्डचं मार्क २. पॅनेल एफ, रिले (विजेवर चालणारा स्विच) क्रमांक ७०. तिथे पतंग सापडला, तो चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवला आणि खाली लिहिलं की बग प्रत्यक्ष सापडल्याची ही पहिलीच घटना. ती वही आज वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहे, पतंगासकट. पण पतंग हॉपरबाईंनी शोधला नव्हता, त्या फक्त त्या गटात होत्या आणि पुढे भाषणांतून ही गोष्ट रंगवून सांगायच्या. यंत्रातल्या बिघाडाला बग म्हणणं त्याच्याही खूप आधीचं, एडिसनच्या १८७० च्या दशकातल्या पत्रांत तो शब्द आहे. म्हणून तर "प्रत्यक्ष सापडला" हा त्या नोंदीतला विनोद आहे. बग हा शब्द आधी नसता तर हसायला काय होतं?

पंचकार्डवाल्या काकू

पोरी, रात्री दहाला झोपणारी बाई मी, तुझा प्रश्न वाचून परत उठून बसले.

आधी माझी ओळख. १९८१ साली इथल्याच एका सरकारी कार्यालयाच्या ईडीपी विभागात लागले आणि २०१६ ला निवृत्त झाले. कुठलं कार्यालय ते विचारू नका. ईडीपी म्हणजे इलेक्ट्रॉनिक डेटा प्रोसेसिंग, तुमचं आयटी म्हणजे आमचं ईडीपी. माझं अख्खं पोट कोबोलवर भरलं. घराचे हप्ते, पोरांच्या फिया, सगळं.

आमच्याकडे सुरुवातीला मशीनच नव्हतं. मशीन मुंबईला. इथे आम्ही कोडिंग शीटवर पेन्सिलीने लिहायचो, एका चौकोनात एक अक्षर, ओळीला ८० चौकोन. पहिले सहा चौकोन ओळीच्या नंबराचे, सातवा खुणेचा, खरा मजकूर आठव्यापासून बहात्तराव्यापर्यंत. तुझ्या त्या १४ हजार ओळी बघ, आजही तशाच मांडलेल्या असतील. त्या रकान्यांमागे पंचकार्डाची, म्हणजे छिद्रं पाडून मजकूर नोंदवायच्या जाड कागदाची, रुंदी आहे. शीटांचा गठ्ठा रात्रीच्या गाडीने शिपाई घेऊन जायचा. तिकडे मुली कार्डं पंच करायच्या, प्रोग्राम चालायचा आणि छापलेले कागद परत यायचे. जाऊन-येऊन आठ दिवस. कार्डांचा गठ्ठा हातातून पडला तर क्रम लावता यावा म्हणून गठ्ठ्याच्या कडेवर स्केचपेनने तिरकी रेघ मारून ठेवत.

आता १९८३ ची गोष्ट ऐक. पगारपत्रकाचा प्रोग्राम मी लिहिला होता. त्यात एका जागी असं होतं, मराठीत सांगते: सणाची उचल शून्यापेक्षा जास्त असेल तर हप्ता वजा कर. पुढच्या ओळीत: घरभाडे भत्ता मिळव. दोन्हींच्या मधे फुलस्टॉप हवा, तो मी विसरले. कोबोलमध्ये फुलस्टॉप आला की "जर" संपतो. तो नसल्यामुळे मशीनने भत्ता मिळवणंही त्या "जर"च्या पोटात घेतलं. म्हणजे ज्यांनी दिवाळीला उचल घेतली त्यांचा पगार बरोबर, आणि ज्यांनी घेतली नाही त्यांचा भत्ता गायब. शहाण्यासारखं उचल न घेणाऱ्यांनाच दंड!

बरं की ते चाचणीचे कागद होते. मी दोन दिवस आकडे तपासत बसले. मला सापडेना, कारण मी जे लिहायचं होतं तेच वाचत होते, जे लिहिलंय ते नाही. आमच्या शाखेत एक हेडक्लार्क होते, निवृत्तीला आलेले, धोतर-टोपीतले. संगणक त्यांनी फोटोतसुद्धा नीट पाहिला नसेल. संगणक आला की नोकऱ्या जाणार म्हणून गेटसभेला पहिल्या रांगेत उभे असायचे. ते म्हणाले, बाई, ते तुमचं काय लिहिलंय ते दाखवा तर खरं. मी लिस्टिंग, म्हणजे छापलेला प्रोग्राम, पुढे केलं. जुन्या मॅट्रिकचं पक्कं इंग्रजी त्यांचं. ओळीवर बोट ठेवत ठेवत, ओठ हलवत वाचत गेले. ॲड, सबट्रॅक्ट, मूव्ह. दहाएक मिनिटांनी बोट थांबलं. "बाई, इथे वाक्य संपत नाही काय?"

मी त्या दिवशी मनातल्या मनात जमिनीत गेले. आणि तेव्हा मला ग्रेस हॉपर हे नावही माहीत नव्हतं.

ही गोष्ट का सांगून राहिले? कारण बाईंनी आयुष्यभर नेमका याचाच ध्यास धरला होता. मशीनला दिलेला हुकूम ऑफिसातल्या माणसालाही वाचता यायला हवा. पतंग राहू दे बाजूला, पाच मिनिटं यावर बोल.

आता त्यांच्याबद्दल. जन्म न्यूयॉर्कचा, १९०६. सात वर्षांच्या असताना घड्याळ कसं चालतं ते बघायला गजराचं घड्याळ खोललं, जमेना म्हणून दुसरं, असं करत करत घरातली सातही खोलून ठेवली. आईने पुढे एकच घड्याळ खोलायची परवानगी दिली. (आमच्याकडे फटके मिळाले असते.) १९३४ ला येलमधून गणितात पीएचडी, आणि वासर कॉलेजात प्राध्यापक. मुलींना गणिताच्या तासाला निबंध लिहायला लावायच्या. मुली कुरकुरायच्या की हा गणिताचा तास आहे, इंग्रजीचा नाही. बाईंचं म्हणणं, जे दुसऱ्याला सांगता येत नाही ते गणित शिकून काय करणार? कोबोलचं बी मला तर तिथेच दिसतं. शिकवणारी बाई होती ती, शेवटपर्यंत.

युद्ध सुरू झालं तेव्हा नौदलात जायचं म्हणाल्या. वय जास्त, आणि वजन नियमापेक्षा १५ पौंड कमी, जेमतेम ४८ किलो. खास सवलत घेऊन १९४३ च्या डिसेंबरात भरती झाल्या. वाटलं असेल जहाज मिळेल, मिळालं हार्वर्डमधलं मार्क १ हे गणकयंत्र. ५१ फूट लांब, ८ फूट उंच, कागदी पट्टीवरच्या छिद्रांनी चालणारं. त्याचं माहितीपुस्तक लिहायचं काम त्यांच्यावर आलं. ५६१ पानं! मी एका प्रोग्रामचं डॉक्युमेंटेशन लिहायला महिना टाळाटाळ केली होती, ते आठवलं.

१९४९ ला त्या युनिव्हॅक नावाचा संगणक बनवणाऱ्या कंपनीत गेल्या. तेव्हा प्रोग्रामर लोकांच्या वह्या असायच्या. कोणी त्रिकोणमितीतलं साइन काढायचे तुकडे लिहून ठेवलेले, कोणी वर्गमूळ. गरज पडली की एकमेकांच्या वहीतून उतरवून घ्यायचं आणि मेमरीतल्या प्रत्येक पत्त्यात बेरीज करून तो नव्या जागेला जुळवायचा. बाईंनी पाहिलं की प्रोग्रामरांना दोन गोष्टी धड जमत नाहीत, नक्कल आणि बेरीज. मशीनला तर दोन्ही जमतात. मग हे काम मशीननेच का करू नये? तुकडे टेपवर ठेवले, प्रत्येकाला नंबर दिला. आपण फक्त नंबर सांगायचा, मशीन तुकडे शोधून, जोडून प्रोग्राम तयार करणार. १९५२ चं हे ए-० नावाचं काम. कंपायलर, म्हणजे माणसाने लिहिलेलं मशीनच्या भाषेत करून देणारा प्रोग्राम, हा शब्द त्यांनी यालाच वापरला. आजच्या मापाने तो कंपायलरपेक्षा जोडणीचं काम करणारा लिंकर जास्त, पण पायरी हीच. तयार झाल्यावर लोक काय म्हणाले? संगणक फक्त गणितं करतो, प्रोग्राम कसा लिहील! चालणारी वस्तू समोर असून कोणी हात लावेना.

औषधाची वेळ झाली, बाकी उद्या लिहिते.

तर्रीपोहे

काकू, उद्या म्हणजे नक्की उद्या. आमच्याकडे सगळे जमले वाचायला.

पंचकार्डवाल्या काकू

हं, कुठे होतो. इंग्रजी शब्द.

बाईंच्या लक्षात आलं की प्रोग्राम लिहवून घेणारी माणसं दोन प्रकारची. एकांना चिन्हं आवडतात, ते गणितवाले. दुसरे हिशेबवाले, गोदामवाले, पगारवाले. त्यांना चिन्हं दाखवली की पळतात. मग त्यांच्यासाठी इंग्रजी वाक्यांत का लिहू नये? कंपनी म्हणाली, संगणकाला इंग्रजी समजत नाही. बाईंनी छोटासा नमुना करून दाखवला आणि खोडसाळपणे तोच प्रोग्राम फ्रेंचमध्ये आणि जर्मनमध्येही चालवून दाखवला. मशीनला काय, "जर" म्हणा नाहीतर "इफ" म्हणा, तुम्ही ठरवाल ती खूण. साहेब लोक खूष होतील असं वाटलं होतं, ते तर हादरलेच. फिलाडेल्फियात बनलेल्या अमेरिकन संगणकाला फ्रेंच आणि जर्मन कसं येईल! मग बाईंना कबूल करावं लागलं की बरं, फक्त इंग्रजीच ठेवू.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा कपाटातून जुनं कोडिंग शीट काढून त्याच्या मागे गंमत म्हणून लिहून पाहिलं. मूळ पगारात महागाई भत्ता मिळव, उत्तर एकूण मध्ये ठेव. बसतं की चौकोनात! जोडाक्षरांना चौकोन किती द्यायचे एवढाच वांधा.

त्या भाषेचं नाव फ्लो-मॅटिक. १९५९ च्या मे महिन्यात पेंटॅगॉनमध्ये बैठक झाली. सरकार, मशीन बनवणारे, वापरणारे असे सगळे होते. प्रत्येक कंपनीच्या मशीनची भाषा वेगळी, मशीन बदललं की सगळे प्रोग्राम पुन्हा लिहा, हा खर्च कोणालाच परवडेना. त्यातून कोबोल आली. डिसेंबर १९६० मध्ये आरसीए ५०१ आणि युनिव्हॅक २ अशा दोन वेगळ्या कंपन्यांच्या मशीनवर जवळपास तोच प्रोग्राम चालवून दाखवला.

मधे भाषा ठरवणाऱ्या समितीचं काम इतकं रेंगाळलं होतं की हॉवर्ड ब्रॉमबर्ग नावाच्या सदस्याने वैतागून खरोखरीचा थडग्याचा दगड विकत घेतला, त्यावर कोबोल असं कोरून घेतलं आणि वरच्या समितीच्या अध्यक्षांना पाठवून दिला. भाषा जन्मायच्या आधीच तिचं थडगं तयार. तो दगड आता कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये आहे. तुझ्या मैत्रिणी कोबोल मेली म्हणाल्या तर त्यांना सांग, मेल्याची बातमी १९६० पासून चालू आहे.

जुनी_शुक्रवारी

काकू, छान लिहिताय, पण एक दुरुस्ती. हॉपरना कोबोलची आई म्हणतात ते बरोबर नाही. भाषेचा आराखडा सहा जणांनी केला, त्यात जीन सॅमेट आणि गर्ट्रूड टियर्नी या दोघी बायका होत्या. हॉपर त्या सहांत नव्हत्याच. मुळात सगळ्यांची एक भाषा हवी ही हाक मेरी हॉज यांनी दिली होती. एकाच नावाला हार घालायची आपली सवय वाईट.

शिवाय इंग्रजीसारखं लिहिलं की कोणालाही समजेल हे स्वप्न अर्धंच खरं ठरलं. साहेब लोक काही प्रोग्राम वाचायला बसले नाहीत. पाल्हाळ मात्र सगळ्यांच्या गळ्यात पडलं.

पंचकार्डवाल्या काकू

सॅमेटबाईंचं बरोबर आहे, पोरीने भाषणात ती नावं घ्यावीच. फ्लो-मॅटिकवरून बरंच उचललं म्हणून हॉपरना आजी म्हणू. आजीचा मान आपल्याकडे कमी नसतो.

साहेब वाचत नाहीत हेही खरं. पण हेडक्लार्कने वाचलं, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आणि पाल्हाळाचं म्हणाल तर १९९८-९९ मध्ये त्याच पाल्हाळाने आम्हाला वाचवलं. जागा वाचवायला वर्षाला दोनच घरं ठेवलेली होती. १९४२ ला जन्मलेला माणूस २००० साली ५८ चा होऊन निवृत्त होणार, आणि प्रोग्राम शून्यातून ४२ वजा करून म्हणणार, वय उणे ४२. असे प्रोग्राम लिहिणारे निम्मे लोक तोवर सोडून गेलेले. पण "निवृत्ती वर्ष", "जन्म वर्ष" अशी लांबलचक नावं लिहिलेली होती म्हणून शोधता आली. नुसतं एक्स आणि वाय असतं तर बसलो असतो. ३१ डिसेंबर १९९९ च्या रात्री आम्ही तिघं थर्मास घेऊन ऑफिसात. बाहेर फटाके. बाराला पाच मिनिटं होऊन गेल्यावर पेन्शनचा एक रिपोर्ट काढला. वय ५८ आलं. मग मी डबा उघडला.

दोन घरांची ती काटकसर आमच्याच पिढीची, बाईंवर ढकलू नका.

पैशाचं एक सांगते, कारण विम्याचं काम आहे तुझं. साध्या बायनरी, म्हणजे ० आणि १ च्या, अपूर्णांकात ०.१ नेमका बसत नाही, थोडासा घसरतोच. लाखो पॉलिसींवर ती घसरण जमा होते. कोबोल दशमान पद्धतीने, कागदावर करतो तसा हिशेब ठेवते. पिक्चर नाइन, कंसात पाच, व्ही नाइन नाइन असं दिसलं तर नाइन म्हणजे एक आकडा आणि व्ही म्हणजे न छापलेलं दशांशचिन्ह समज. पैसा पैशाला जुळतो. जुने हिशेब अजून या भाषेत का आहेत याचं हेही एक कारण आहे.

बाईंचं उरलेलं पटकन. १९६६ च्या शेवटी साठाव्या वर्षी नौदलाने निवृत्त केलं, सात महिन्यांत परत बोलावलं, सहा महिन्यांसाठी म्हणून. ते सहा महिने काही संपेनात! १९८६ च्या ऑगस्टमध्ये ७९ व्या वर्षी रिअर ॲडमिरल म्हणून शेवटी निवृत्त झाल्या, आणि लगेच एका कंपनीत सल्लागार. गेल्या १ जानेवारी १९९२ ला. नौदलाच्या एका युद्धनौकेला त्यांचं नाव आहे. ऑफिसात त्यांचं घड्याळ उलटं फिरायचं. "आमच्याकडे पहिल्यापासून असंच करतात" म्हणणाऱ्याला ते दाखवायच्या. वेळ तर त्यातही कळतेच. असं एक घड्याळ आमच्या आस्थापना शाखेत लावायला हवं होतं.

दोन वर्षांचं विचारतेस. वर्षभर कर आणि मग ठरव. पण शिकायचं ते भाषेसाठी नको, विमा शिक. १४ हजार ओळींत त्या कंपनीचे तीसेक वर्षांचे नियम आहेत, जे तिथल्या माणसांनाही आता तोंडपाठ नसतील. आणि प्रोग्राम वरून खाली वाचू नको. आधी डेटा डिव्हिजन वाच, म्हणजे कोणती माहिती कुठे ठेवली त्याची यादी. घरात भांडी कोणती ते कळलं की स्वयंपाक कळतो.

संत्रानगरी_२३

काकू, आज ऑफिसात तुमचं ऐकून डेटा डिव्हिजनच आधी वाचला. चौथ्या पानावर एक ओळ सापडली, सातव्या चौकोनात ताऱ्याची खूण (*), म्हणजे नुसता शेरा. १९९१ चा. इंग्रजीत लिहिलंय की हे का चालतं मला कळलेलं नाही, कृपया हलवू नका. खाली आद्याक्षरं. टीम लीडला दाखवलं तर ते हसले. म्हणाले, मीही नाही हलवलं.

ग्रुपवर सांगून टाकलं. एकीने थडग्याचा फोटो मागितला, बाकी काही नाही.

भाषणाला काहीतरी हातात धरायला हवं. वाचलं की त्या नॅनोसेकंद दाखवायला तार वाटायच्या?

पंचकार्डवाल्या काकू

हो. उपग्रहातून निरोप जायला इतका वेळ का लागतो असं ॲडमिरल लोक विचारायचे, तेव्हा त्या तारेचा तुकडा काढायच्या. एका नॅनोसेकंदात प्रकाश जास्तीत जास्त एवढाच जातो, ११.८ इंच. इथून उपग्रहापर्यंत असे किती तुकडे ते मोजा, म्हणायच्या. मायक्रोसेकंदासाठी ९८४ फुटांचं वेटोळं असायचं. प्रोग्रामरांनाही तेच सांगायच्या की एक मायक्रोसेकंद वाया घालवलात तर गळ्यात हे घालून फिरा.

नागपूरकरांसाठी तू असं सांग. इथून मुंबई रेल्वेने साधारण ८४० किलोमीटर. प्रकाशाला तीन मिलिसेकंदही लागत नाहीत. आमच्या शीटला जाऊन-येऊन आठ दिवस लागायचे, आणि एक फुलस्टॉप राहिला की आणखी आठ.

तार शोधायला बर्डीच्या बाजारात जाऊ नको. शाळेतली ३० सेंटीमीटरची फूटपट्टी असेल ना घरी? तीच ने, जवळजवळ बरोबर एक नॅनोसेकंद भरते.